शीर्षकात नसलेली पद्धत

प्रथिनांवर काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत ‘लेमली बफर’ असे लिहिलेली बाटली हमखास सापडते; बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण. ते आडनाव आहे उलरिक लेमली या स्विस रेणुजीवशास्त्रज्ञाचे. १९७० साली केंब्रिजच्या रेणुजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध छापला. विषय होता टी-४ नावाचा, जीवाणूंना ग्रासणारा विषाणू. त्याच्या डोक्याची जुळणी होत असताना चार प्रमुख प्रथिने कापली जातात, हा त्यातला निष्कर्ष.

हे दिसायला प्रथिने एकमेकांपासून नीट वेगळी करावी लागत, आणि त्यासाठी लेमलींनी आधीच्या संशोधकांची तंत्रे एकत्र आणून सुधारली. एसडीएस हे डिटर्जंट गुंडाळी झालेले प्रथिन उलगडते आणि त्याला सर्वत्र ऋणभाराने वेढते. मग प्रथिनाचा मूळ आकार वा भार गौण ठरतो आणि विद्युतप्रवाहात ते जेलमधून, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ थरातून, लांबीनुसार धावते: लहान पुढे, मोठे मागे. लेमलींच्या पद्धतीत जेलचे दोन थर असतात. वरच्या थराचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ६.८. तिथे बफरमधल्या ग्लायसीनचा भार जवळजवळ नाहीसा होतो, ते मागे पडते. क्लोराइड पुढे पळते आणि दोघांच्या मधे सापडलेली प्रथिने दाबली जाऊन बारीक रेघ होतात. खालच्या थराचा पीएच ८.८. तिथे ग्लायसीन पुन्हा वेग घेऊन प्रथिनांना मागे टाकते आणि वेगळे होण्याची खरी शर्यत सुरू होते. सुरुवातच बारीक रेघेने झाल्यामुळे शेवटचे पट्टे इतके स्पष्ट उमटतात. मला ही रचना फार सुंदर वाटते.

निबंधाच्या शीर्षकात या पद्धतीचा उल्लेखही नाही. तरी २०१४ साली ‘नेचर’ने सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा हा निबंध दुसरा होता. तोवर त्याचा संदर्भ २ लाख १३ हजारांहून अधिक वेळा दिला गेला होता. पहिला ऑलिव्हर लाउरींचा १९५१ सालचा, तिसरा मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६ सालचा. दोन्ही प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतींवर. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा १९५३ सालचा निबंध मात्र पहिल्या शंभरातच नाही! ती रचना पाठ्यपुस्तकात गेली, मग संदर्भ कोण देणार? पद्धत वापरली की तिचा उल्लेख करावाच लागतो. म्हणून संदर्भांचा आकडा सांगतो तो वापर. विचाराची खोली त्यातून कळत नाही. नेमणुका आणि बढत्या ठरवणाऱ्या समित्यांनी हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

लेमलींचे मला अधिक मोलाचे वाटणारे काम नंतरचे. १९७७ साली प्रिन्स्टनमध्ये जेम्स पॉलसन यांच्यासह त्यांनी गुणसूत्रांतली हिस्टोन प्रथिने, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती, काढून टाकली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गुणसूत्राचा आकार सांभाळणारा प्रथिनांचा सांगाडा मधे शिल्लक होता आणि त्याभोवती डीएनएचे लांबच लांब फास पसरले होते. हा सांगाडा खरा, की प्रयोगाच्या प्रक्रियेतून उपजलेला, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. फासांची कल्पना मात्र टिकली. पुढे जिनिव्हा विद्यापीठातही लेमली गुणसूत्रांच्याच मागे राहिले. २०१८ साली कंडेन्सिन हे प्रथिन-संकुल डीएनए ओढून फास तयार करताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता आले.