कढयांच्या खाडीत आलिशान जहाज: साउथ जॉर्जियाच्या सफरींमागचा इतिहास

ग्रिटविकेन या नावाचा अर्थ अगदी साधा आहे, कढयांची खाडी. 1902 मध्ये एका स्वीडिश मोहिमेतले लोक साउथ जॉर्जिया बेटावरच्या या आडोशाच्या बंदरात उतरले, तेव्हा किनाऱ्यावर लोखंडाच्या मोठमोठ्या कढया पडलेल्या त्यांना दिसल्या. सीलची चरबी उकळून तेल काढायला आधीच्या शिकाऱ्यांनी त्या आणल्या होत्या. सील संपत आले, शिकारी निघून गेले, कढया तिथेच राहिल्या. आज त्याच खाडीत काचेच्या सज्जांची, पंचतारांकित जेवणाची जहाजं नांगर टाकतात. माणशी पंधरा-वीस लाख रुपये, कधी त्याहून कितीतरी जास्त मोजून लोक इथे पोहोचतात. ते काय बघायला येतात आणि इतक्या कडक नियमांत का बघतात, हे समजायचं तर त्या कढयांपासूनच सुरुवात करायला हवी.

साउथ जॉर्जिया दक्षिण अटलांटिकमध्ये, फॉकलंड बेटांपासून सुमारे 1,400 किलोमीटरवर आहे. विमानतळ नाही, कायमची वस्ती नाही. जायचं तर समुद्रानेच, आणि फॉकलंडहून निघाल्यावर दोन-तीन दिवस चहूकडे फक्त पाणी. जानेवारी 1775 मध्ये कॅप्टन जेम्स कुक इथे उतरला आणि त्याने बेटाला राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं. दक्षिणेकडचा मोठा खंड सापडला अशी त्याला आशा होती. किनाऱ्याने पुढे जाता जाता हे नुसतं बेट आहे हे कळलं, तेव्हा त्या टोकाला त्याने केप डिसअपॉइंटमेंट, म्हणजे निराशेचं भूशिर म्हटलं. कुकच्या हाती भूमी काही फारशी लागली नाही, पण इथे सील भरपूर आहेत ही त्याची नोंद छापून आली आणि तिनेच पुढचा अनर्थ घडवला.

ब्रिटिश आणि अमेरिकन शिकारी आले. 1800-01 च्या एकाच हंगामात ‘अस्पेशिया’ या एकट्या जहाजाने 57,000 कातडी नेली. 1820 च्या दशकात इथे येऊन गेलेल्या जेम्स वेडेल या ब्रिटिश शिकारी कप्तानाने एकूण 12 लाख कातडी गेल्याचा अंदाज बांधला होता. विसावं शतक उजाडेपर्यंत बेटावर फर सील जवळजवळ दिसेनासे झाले होते.

मग पाळी आली देवमाशांची. नॉर्वेच्या कार्ल अँटन लार्सनने नोव्हेंबर 1904 मध्ये ग्रिटविकेनला तळ उभारला. भांडवल ब्यूनस आयर्सचं, माणसं बहुतेक नॉर्वेची. बेटावर असे आणखी तळ झाले आणि 1965 पर्यंत इथे 1,75,250 देवमासे कापले गेले. त्यांचं तेल साबणात गेलं, लोण्याऐवजी वापरायच्या मार्गारीनमध्ये गेलं, यंत्रांना लागलं. तळ बंद पडले ते कुणाला दया आली म्हणून नाही. मारायला देवमासेच उरले नव्हते. ग्रिटविकेनमध्ये आजही गंजलेले बॉयलर, तेलाच्या टाक्या आणि किनाऱ्याला टेकलेल्या शिकारी बोटी आहेत. त्यांच्या पायथ्याशी सील निवांत लोळत असतात. या एका दृश्यासाठी मला हे बेट जगातल्या कुठल्याही स्मारकापेक्षा मोठं वाटतं.

प्रवाशांना मात्र आधी ओढ लागली ती माणसाच्या गोष्टीची. ब्रिटिश ध्रुवीय संशोधक अर्नेस्ट शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज 1915 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात चिरडलं. एप्रिल 1916 मध्ये एलिफंट आयलंडवर 22 जणांना मागे ठेवून तो पाच साथीदारांसह एका छोट्या होडीतून निघाला, तो थेट साउथ जॉर्जियाच्या निर्जन बाजूला लागला. मग त्या पाचांतल्या वर्स्ली आणि क्रीन यांच्यासोबत, नकाशात नसलेले डोंगर आणि हिमनद्या 36 तासांत ओलांडून तो स्ट्रोमनेसच्या देवमाशांच्या तळावर पोहोचला. मागे राहिलेले सगळे वाचले. 1922 मध्ये शॅकल्टन वारला तो ग्रिटविकेनच्या धक्क्याजवळ, जहाजावर. त्याला तिथल्याच छोट्या दफनभूमीत, तळावरच्या खलाशांच्या शेजारी पुरलं. आज प्रवासी त्या थडग्यावर व्हिस्कीचे चार थेंब सांडतात.

पर्यटन म्हणून या पाण्यात जायचं वेड लावलं ते स्वीडिश-अमेरिकन लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी. 1966 मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं ‘लपाताइया’ जहाज भाड्याने घेऊन त्यांनी प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेलं. उसन्या जहाजावर किती दिवस काढायचे, म्हणून 1969 मध्ये फिनलंडमध्ये खास बांधून घेतलेलं ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ आलं. लाल रंगाचं, शंभरेक प्रवाशांचं. रबरी होड्यांतून किनाऱ्यावर जायचं, सोबत शास्त्रज्ञ, संध्याकाळी व्याख्यान. आजची एक्स्पिडिशन क्रूझ कितीही आलिशान झाली, तरी तिचा दिवस असाच जातो.

या धंद्याचे नियम मात्र अपघातांनी लिहिले. जानेवारी 1989 मध्ये अर्जेंटिनाचं ‘बाहिया पाराइसो’ हे रसद जहाज पर्यटकांसह अंटार्क्टिकात खडकावर आदळलं आणि लाखो लिटर डिझेल समुद्रात गेलं. हेच जहाज एप्रिल 1982 मध्ये अर्जेंटिना-ब्रिटनच्या फॉकलंड युद्धाच्या सुरुवातीला साउथ जॉर्जियावर सैनिक घेऊन आलं होतं. त्या तेलगळतीनंतर पर्यावरण करारासाठी दबाव वाढला. 1991 मध्ये माद्रिद करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी सात सहल कंपन्यांनी आपली संघटना स्थापन करून स्वतःवर बंधनं घालून घेतली: एका वेळी एका ठिकाणी शंभरच माणसं किनाऱ्यावर, आणि पुढे, पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने माणसं उतरवायचीच नाहीत.

सोव्हिएत संघ कोसळला आणि बर्फात चालणारी रशियन संशोधन जहाजं भाड्याने मिळू लागली. पुढची वीसेक वर्षं या सफरी बऱ्याच अंशी त्यांच्यावर चालल्या, जाड पोलादाच्या आणि साध्या केबिनच्या.

नोव्हेंबर 2007 मध्ये लिंडब्लाड यांनी बांधून घेतलेलं ते जुनं लाल जहाज शॅकल्टनच्याच वाटेवरच्या सफरीवर असताना अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांपाशी बर्फावर आदळून बुडालं. 154 माणसं काही तास उघड्या होड्यांत थंडीने काकडत होती. हवा शांत राहिली आणि एक नॉर्वेजियन जहाज मदतीला आलं, म्हणून सगळे वाचले. पुढे 2011 पासून 60 अंश दक्षिणेपलीकडे जड इंधनतेलावर बंदी आली, 2017 पासून ध्रुवीय जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता लागू झाली. जुनी जहाजं मागे पडली, आणि हेलिकॉप्टर, पाणबुड्या नि स्पा असलेल्या नव्या जहाजांची रीघ लागली.

मराठी माणसाची या पाण्याशी ओळख वेगळ्या वाटेने झाली. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली. गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जग फिरून आले, तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून त्यांनी फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्लीत मुक्काम केला होता. आजच्या कितीतरी सफरी साउथ जॉर्जियाकडे निघण्याआधी याच बंदरात थांबतात.

बेटावरचं सगळ्यात अवघड काम मात्र उंदरांचं होतं. शिकाऱ्यांच्या जहाजांतून उतरलेले उंदीर दीड-दोनशे वर्षं जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खात होते. हिमनद्यांमुळे त्यांच्या टोळ्या एकमेकांपासून तुटलेल्या होत्या. पण हिमनद्या मागे हटू लागल्या आणि हे बांध फुटण्याआधी काम उरकणं भाग पडलं. 2011 ते 2015 या काळात तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं गेलं, आणि मे 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. आपल्या माळरानावरच्या तिरचिमणीच्या कुळातला तिथला पिपिट पुन्हा ग्रिटविकेनच्या आसपास गाऊ लागला. फर सील लाखांच्या संख्येने परतले. 2020 च्या पाहणीत निळ्या देवमाशाच्या पन्नासहून अधिक नोंदी झाल्या.

म्हणूनच उतरण्याआधी प्रत्येक प्रवाशाला जहाजावर खाली बसून बुटांच्या खाचांतली माती टोकदार काडीने उकरावी लागते, जाकिटाच्या चिकटपट्टीत अडकलेलं गवताचं बी चिमट्याने काढावं लागतं. मग बूट जंतुनाशकात बुडवायचे. बेटावरचे अधिकारी जहाजावर येऊन ते उलटे धरून तपासतात, आणि बी सापडलं तर सगळं पुन्हा. ऑक्टोबर 2023 मध्ये जवळच्याच बर्ड आयलंडवर बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून ही तपासणी आणखी कसून होते.

रात्री आणखी एक नियम. समुद्री पक्षी दिव्याला भुलून जहाजावर आदळतात, पंख मोडून डेकवर पडतात. म्हणून बेटाजवळ अंधार पडला की डेकवरचे दिवे मालवतात आणि प्रत्येक केबिनच्या मोठ्या काचेवर जाड पडदा ओढला जातो. पहाटे खलाशी डेकवर फेरी मारतात. एखादा भेदरलेला पक्षी कोपऱ्यात सापडला, तर खोक्यात ठेवून, पिसं कोरडी झाली की त्याला पाण्यावर सोडतात.