जुन्या मोबाइलचा सौदा आणि मधला माणूस

नाशिकमध्ये जुना टीव्ही किंवा टेपरेकॉर्डर विकायचा, तर पूर्वी दोन वाटा होत्या. ओळखीच्या मेकॅनिकला सांगून ठेवायचे, नाहीतर 'गावकरी' किंवा 'देशदूत'मध्ये छोटी जाहिरात द्यायची. गिऱ्हाईक घरी येई, टीव्ही लावून बघे आणि रोख मोजून वस्तू उचलून नेई. पुढे बिघाड निघाला तरी विकणाऱ्याचे दार ठाऊक असे. सौदा मेकॅनिकने जुळवला असेल तर त्याला दोन्ही घरी तोंड दाखवायचे असे, म्हणून किरकोळ दुरुस्ती तोच करून देई. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन सौद्यांतल्या आजच्या भांडणांचे मूळ शोधताना मला हा मधला माणूस सारखा आठवतो.

कायदाही अशाच समोरासमोरच्या सौद्यातून घडलेला. १९३०च्या माल विक्री कायद्याचा मूळ सूर 'घेणाऱ्याने बघून घ्यावे' असा आहे. माल चांगल्या दर्जाचा असेल, अशी न बोललेली हमी त्यात आहे, पण ती त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून. घरातला एक लॅपटॉप विकणाऱ्या माणसावर ती पडत नाही. त्याच कायद्याचे १५वे कलम मात्र सगळ्यांना लागू आहे. वर्णन करून माल विकला, तर माल त्या वर्णनासारखाच असला पाहिजे. 'डिस्प्ले ओरिजिनल, कुठेही खोललेला नाही' असे चॅटवर लिहून पॅनेल बदललेला फोन दिला, तर घेणाऱ्याच्या हातात उरते ते हेच कलम. म्हणून चॅट कधीही पुसू नये.

इंटरनेटवरचा बाजार सुरू झाला तेव्हा मधला माणूस होता. २००० साली आलेली 'बाझी' ही लिलावाची साइट २००४ मध्ये 'ईबे'ने विकत घेतली. तिथल्या 'पैसापे' पद्धतीत घेणाऱ्याचे पैसे मध्ये थांबत आणि माल पोचल्यावरच विकणाऱ्याला मिळत. २००४ मध्येच त्या साइटवर विक्रीला लागलेल्या एका आक्षेपार्ह क्लिपवरून कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९व्या कलमात दुरुस्ती झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून अशा मध्यस्थांना अटींसह संरक्षण मिळाले. इतरांनी टाकलेल्या मजकुरासाठी साइटला सरसकट जबाबदार धरता येत नाही, ही भूमिका तिथे पक्की झाली.

तोवर 'ओएलएक्स' (२००६) आणि 'क्विकर' (२००८) आले होते. त्यांचे स्वरूप छोट्या जाहिरातींचेच, पैसे मध्ये थांबवण्याचे नव्हे. सिडकोतला माणूस नाशिक रोडच्या माणसाचा फोन बघू लागला आणि दोघांना ओळखणारा कुणीच उरला नाही. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर रोख मोजण्याची सवडही गेली. वस्तू न बघता 'टोकन' म्हणून आगाऊ रक्कम पाठवली जाऊ लागली. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, असे सांगणारे तोतये क्यूआर कोड पाठवून 'स्कॅन केल्यावर पैसे येतील' म्हणू लागले. पैसे घेताना पिन लागत नाही, एवढे माहीत नसल्याने विकणाऱ्यांचीच खाती रिकामी झाली. ही सरळ फसवणूक आहे. तिथे पोलिसांचा सायबर विभाग आहे आणि १९३० या क्रमांकाची हेल्पलाइनही. पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते.

खरी कोंडी फसवणूक आणि साधा वाद यांच्या मधल्या भागात आहे. घेतल्यावर चौथ्या दिवशी स्क्रीनवर हिरवी रेघ आली. विकणारा म्हणतो, देताना नव्हती. घेणारा म्हणतो, लपवली. कधी उलटेही होते: घेणाराच चांगले पॅनेल काढून खराब बसवतो आणि फोन परत आणतो. पोलीस याला दिवाणी वाद म्हणतात. ग्राहक आयोगाकडे जावे, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मोठी सोय दिली आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण ती व्यापाऱ्याविरुद्ध. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतूनही, नियमित धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिक नात्याने विकणारा माणूस स्पष्टपणे वगळला आहे. त्यामुळे दिल्लीच्या कंपनीने दुरुस्त करून विकलेला फोन खराब निघाला तर नाशिकमध्ये दाद मागता येते, आणि नाशिकच्याच इंदिरानगरमधल्या माणसाने विकलेला निघाला तर ग्राहक आयोगाचे दार बंद. दहा हजारांच्या फोनसाठी दिवाणी दावा कोण लावणार? ही पोकळी मला अन्यायाची वाटते. निम्मा पगार घालून जुना फोन घेणाऱ्या कामगाराला ती सर्वांत जास्त लागते.

अलीकडे काही जण एमजी रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानात भेटायचे ठरवतात. कारागिराला थोडे पैसे देऊन फोन उघडून बघायचा आणि मगच सौदा करायचा. पॅनेल बदललेय का, पाणी गेलेय का, हे तो सांगू शकतो. फोन चोरीचा आहे का, हे मात्र त्यालाही दिसत नाही. त्यासाठी *#०६# दाबून मिळणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लागतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवायचा. उत्तरात फोन काळ्या यादीत, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचे आले, तर तो घेऊ नये असे दूरसंचार विभागच सांगतो. हा एसएमएस पैसे देण्याआधी, विकणारा समोर उभा असतानाच करायचा.