निक्स आणि एनपीएम: लॉकफाइलपर्यंतचा प्रवास

निक्सओएसवर (निक्स या पॅकेज मॅनेजरवर उभ्या असलेल्या लिनक्सवर) नव्याने आलेला जावास्क्रिप्टवाला पहिल्याच दिवशी, जुन्या सवयीने, एखादं टूल एनपीएमने, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरने, ग्लोबल (सगळ्या सिस्टिमसाठी) इन्स्टॉल करायला जातो आणि एरर खातो. मग सुडो (रूटचे, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून बघतो. तरीही तेच, कारण एनपीएम जिथे लिहू पाहतं ते निक्स स्टोअर, म्हणजे सगळी पॅकेजेस ठेवायचं फोल्डर, रूटसाठीसुद्धा रीड-ओन्ली माउंट केलेलं असतं. होम फोल्डरमध्ये वेगळा प्रीफिक्स (इन्स्टॉलची जागा) देऊन वाट काढता येते, पण मग अख्खी सिस्टिम जिथे लिहून ठेवलेली असते त्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ते टूल कुठेच दिसत नाही. म्हणजे ज्यासाठी निक्सओएस घेतलं, तेच हातचं गेलं.

या भांडणाचं मूळ बरंच मागे आहे. निक्सची सुरुवात 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी केली. 2006 च्या त्यांच्या पीएचडी प्रबंधात सगळी मांडणी आहे. प्रत्येक पॅकेज स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतं आणि फोल्डरच्या नावात एक हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो. सोर्स, कंपायलर, बिल्ड स्क्रिप्ट अशा सगळ्या इनपुट्सवरून तो काढतात. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी सुखाने नांदतात. बिल्ड, म्हणजे सोर्सपासून पॅकेज तयार करणं, मात्र बंद खोलीत चालतो, तिथे इंटरनेट नाही.

गंमत म्हणजे 2010 मध्ये आयझॅक श्लूटर यांनी आणलेल्या एनपीएमलाही हेच दुखणं बरं करायचं होतं. प्रत्येक पॅकेजच्या पोटात स्वतःचं नोड-मॉड्यूल्स फोल्डर, म्हणजे आवृत्त्यांची मारामारी नाही. फरक होता तो वेळेचा. निक्सला बिल्डच्या आधी सगळं ठरलेलं लागतं. एनपीएम मात्र इन्स्टॉलच्या क्षणी रजिस्ट्रीला, म्हणजे पॅकेजेसच्या ऑनलाइन कोठाराला, विचारायचं. 1.2.0 या आवृत्तीपुढे कॅरेट (^) असला की 1.2.0 पासून 2.0.0 च्या अलीकडचं काहीही चालतं, म्हणून आज आणि उद्या डिपेंडन्सींची (पॅकेजला लागणाऱ्या इतर पॅकेजेसची) वेगळी झाडं तयार होऊ शकत.

निक्सवाल्यांनी यावर काढलेला पहिला उपाय मेहनतीचा होता. आधी एनपीएम-टू-निक्स आलं, मग सँडर व्हॅन डर बुर्ग यांचं नोड-टू-निक्स. ही टूल्स एनपीएमची आवृत्ती निवडण्याची पद्धत स्वतः वठवत आणि प्रत्येक डिपेंडन्सीसाठी निक्सची एक नोंद लिहून काढत. निक्सपॅकेजेस या निक्सच्या पॅकेजसंग्रहाच्या रिपॉझिटरीत अशी एक अगडबंब जनरेट केलेली फाइल बरीच वर्षं होती. एक टूल त्यात घालायचं तर अख्खी फाइल नव्याने काढायची, आणि त्या ओघात ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही अशा पॅकेजेसच्या आवृत्त्याही बदलायच्या. शिवाय नक्कल करायची ती सतत बदलणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची: 2015 मध्ये एनपीएम 3 ने एकात एक फोल्डरांचं ते घरटं सपाट केलं आणि नक्कल करणाऱ्यांचं काम वाढलं. माझ्या मते ही वाट सुरुवातीपासूनच थकवणारी होती, पण त्या काळी दुसरी होती कुठे?

ती उघडली जावास्क्रिप्टच्याच बाजूने. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड हे 11 ओळींचं पॅकेज रजिस्ट्रीवरून काढलं गेलं आणि असंख्य बिल्ड कोसळले. (लॉकफाइलने, म्हणजे नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलने, ते वाचले नसते, गायब झालेली फाइल लॉक करून परत येत नाही.) ऑक्टोबर 2016 मध्ये फेसबुकने यार्न हे एनपीएमला पर्यायी टूल आणलं, त्यासोबत लॉकफाइल आली. मे 2017 मध्ये एनपीएम 5 नेही ती आपोआप लिहायला सुरुवात केली. एनपीएमचं श्रिंकरॅप हे तसंच साधन आधीपासून होतंच, पण ते हाताने चालवावं लागे. नव्या फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, पत्ता आणि हॅश होता. निक्सला हवं होतं ते अगदी हेच.

त्याचं फळ म्हणजे 2022 मध्ये निक्सपॅकेजेसमध्ये आलेलं बिल्ड-एनपीएम-पॅकेज हे फंक्शन. लॉकफाइलमधल्या सगळ्या फाइल्स आधी उतरवून एनपीएमच्या कॅशच्या रूपात ठेवल्या जातात आणि त्या सगळ्यांसाठी मिळून एकच हॅश द्यायचा. निकाल आधीच ठरलेला असल्याने निक्स या टप्प्याला इंटरनेट देतं. मग खरंखुरं एनपीएम त्या कॅशवर ऑफलाइन चालतं, नक्कल संपली. तो हॅश मिळवायची रूढ रीत तशी विनोदीच: मुद्दाम खोटा हॅश लिहायचा आणि एररमधून खरा उचलायचा. नंतर आलेलं इम्पोर्ट-एनपीएम-लॉक तेवढंही करायला लावत नाही, लॉकफाइलमधलेच हॅश वापरतं.

तयार बायनरी उतरवणारी पॅकेजेस अजून छळतात. त्यांना डायनॅमिक लिंकर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी जोडणारा भाग) ठरावीक जागी हवा असतो आणि निक्सओएसवर तिथे तो नसतो, म्हणून 2024 पर्यंत फाइल समोर असूनही 'फाइल सापडली नाही' असं उत्तर यायचं. निक्स-एलडी हा त्यावरचा नेहमीचा तोडगा.

2012 मध्ये सुरू झालेल्या ग्नू गीक्स या निक्सच्याच धर्तीच्या पॅकेज मॅनेजरने तर याहून कडक नियम लावला: रजिस्ट्रीवरची तयार फाइल हा सोर्स नव्हे, सगळं मूळ सोर्सपासून बांधायचं. अडचण अशी की टाइपस्क्रिप्टचा कंपायलर वर्षानुवर्षं टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला, म्हणजे तो बांधायलाच आधी तयार कंपायलर हवा, आणि खुद्द नोडला (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लागणारी एलएलएचटीटीपी ही लायब्ररीही टाइपस्क्रिप्टमधूनच तयार होते. गीक्सने तो कंपायलर टाळला आणि गो भाषेत लिहिलेल्या ईएसबिल्डकडून ते काम करून घेतलं.