बांगडी, खपली आणि जुनी माती

बटाटा आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी कडं दिसतं. दाबलं तर त्यातून पांढरट, चिकट द्राव पाझरतो. आपल्याकडे या जिवाणूजन्य मर रोगाला ‘बांगडी’ म्हणतात, आणि यापेक्षा नेमकं नाव मला तरी सुचत नाही. पुणे जिल्ह्यातल्या या रोगाची सरकारी नोंद १८९२ची आहे. त्यामागचा जिवाणू अमेरिकेत अर्विन स्मिथ यांनी वर्णिला तो १८९६मध्ये.

रोगाच्या जिवाणूवर दुसरा जिवाणूच सोडून त्याला रोखायचं, ही कल्पना मात्र बांगडीतून आली नाही. ती आली स्कॅबमधून, म्हणजे सालीवर खरबरीत खपल्या धरणाऱ्या रोगातून. १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये मिलार्ड यांनी रोगट मातीत गवताची कातरण मिसळली आणि बटाटे बरेच स्वच्छ निघाले. असं का व्हावं? कॅनडात सॅनफर्ड यांनी १९२६मध्ये तर्क मांडला की, हिरवळीच्या खतावर मातीतले इतर सूक्ष्मजीव पोसले जातात आणि तेच रोगजंतूला दाबतात. पुढच्याच वर्षी मिलार्ड आणि टेलर यांनी निर्जंतुक मातीत रोगजंतूसोबत त्याचाच एक निरुपद्रवी भाऊबंद सोडून पाहिला. खपल्या घटल्या.

खरी गंमत १९५९ची. वॉशिंग्टन राज्यात नव्याने लागवडीखाली आलेल्या जमिनीत स्कॅब माजायचा. वर्षानुवर्षं ओलिताखाली असलेल्या जुन्या जमिनीत तो फारसा दिसत नसे. मेंझिस यांनी जुनी माती नवीत मिसळली. रोग दबला. दर शंभर भागांत एकच भाग जुनी माती, पण सोबत लसूणघासाचा भुगा, एवढ्यानेही काम झालं. माती वाफेने तापवली की गुण गेला. म्हणजे गुण जिवंत होता, आणि त्याला खायलाही लागत होतं. नुसती उपयोगी जिवाणूंची पुडी शिंपडून सेंद्रिय खताला हात आखडता घेणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

स्युडोमोनास नावाचे जिवाणू बेण्याला चोळण्याची वाट १९७८च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या प्रयोगांनी रुळवली. हे जिवाणू मुळांभोवतीचं लोह स्वतःकडे ओढून इतरांची उपासमार करतात.

बांगडीपुढे मात्र ही पुडी बऱ्याचदा तोकडी पडते. रोगट बेण्यात जंतू आधीच आत, रसवाहिन्यांत बसलेला असतो आणि भुकटी राहते सालीवर. त्यातून बेणं कापणारा विळा तोच जंतू पुढच्या फोडीला लावत जातो.