ओला रुमाल आणि वणव्याचा धूर

'वणव्याचा धूर आला की नाकाला ओला रुमाल बांधा, विषारी धूर गाळला जातो.' उन्हाळा लागला की हा सल्ला हमखास फिरतो.

ओल्या कापडाने घशाला गारवा मिळतो, राख आणि मोठी धूळ अडते, डोळ्यांना दिसेल असा काळा थर रुमालावर जमतो. त्यामुळे उपाय लागू पडला असं वाटणं साहजिक आहे. पण धुरातला सर्वात घातक भाग दिसतच नाही. ते २.५ मायक्रॉनहून बारीक कण असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड! हे कण फुप्फुसात खोलवर जातात, दमा बळावतो, हृदयरोग्यांचा त्रास वाढतो. कापडाच्या विणीतली भोकं त्यांच्यापुढे दरवाज्याएवढी, आणि पाण्याने ती बुजत नाहीत.

पडताळून पाहायचंय? चष्मा घालून रुमाल बांधा आणि जोरात श्वास सोडा. काचेवर वाफ धरली, तर हवा कडेने सुटतेय. श्वास घेताना धूरही त्याच वाटेने आत येणार.

घट्ट बसणारा एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. दाढीवर मात्र तो नीट बसत नाही. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू तोही अडवत नाही, म्हणून आगीजवळ थांबायचं नाहीच. लांबून धूर येत असेल तर खिडक्या लावून घरात बसा, आणि तेवढा वेळ उदबत्तीही नको.