ब्लॉकचेनमधील फूट आणि संघस्वातंत्र्य

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, व्यवहारांच्या गठ्ठ्यांची (ब्लॉकांची) साखळी बनून वाढणारी सामायिक खातेवही. ती चालवणाऱ्या समुदायातील एखाद्या गटाने नियम बदलून, आतापर्यंतची खातेवही जशीच्या तशी घेऊन, स्वतंत्र साखळी सुरू केली की त्या समुदायात फूट पडली असे म्हणतात. ही फूट बहुधा हार्ड फोर्कमधून, म्हणजे जुने सॉफ्टवेअर मान्य करणार नाही अशा नियमबदलातून, पडते, पण प्रत्येक हार्ड फोर्क म्हणजे फूट नव्हे. सगळ्यांनी नवी आवृत्ती घेतली तर जुनी साखळी चालवायला कोणी उरत नाही आणि ती साधी सुधारणा ठरते. दोन्ही बाजूंना माणसे उरली तरच साखळ्या दोन होतात. सॉफ्ट फोर्कमध्ये नियम अधिक कडक होतात आणि जुने सॉफ्टवेअर नवे ब्लॉकही वैध मानते, त्यामुळे तिथे सहसा वेगळे व्हावे लागत नाही. कधी साखळी अपघातानेही दुभंगते. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या ०.८ आवृत्तीने स्वीकारलेला एक ब्लॉक जुन्या आवृत्त्यांनी नाकारला. मोठे मायनर, म्हणजे संगणकीय ताकद लावून नवे ब्लॉक जोडणारे, काही तासांत जुन्या आवृत्तीकडे मागे फिरले आणि प्रकरण मिटले.

मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अनुच्छेद २० संघटना करण्याचा हक्क देतो आणि कोणालाही संघटनेत राहण्याची सक्ती करता येणार नाही, हेही सांगतो. भारतीय संविधानात संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये आहे. हे हक्क राज्यसत्तेसमोर मागायचे असतात. खुल्या ब्लॉकचेनमध्ये तसे काही मागावेच लागत नाही. सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे, खातेवहीची प्रत प्रत्येक नोडपाशी, म्हणजे साखळीत सामील प्रत्येक संगणकापाशी. ज्याला पटत नाही त्याने दुसरे नियम चालवावेत. सहकारी संस्थेतून बाहेर पडणारा सभासद फार तर आपला भाग परत घेतो, इथे बाहेर पडणारा गट सगळी दप्तरे आणि सगळ्यांच्या शिलकांची नक्कल घेऊन जातो. ‘नको तर वेगळे व्हा’ हे उत्तर या क्षेत्रात म्हणूनच फार सहज दिले जाते. ते कितपत खरे आहे, हे प्रत्यक्ष फुटींकडे पाहूनच ठरवावे लागते.

द डीएओ आणि दोन इथेरियम

२०१६ च्या एप्रिलअखेर इथेरियम या ब्लॉकचेनवर ‘द डीएओ’ नावाचा सामूहिक गुंतवणूक निधी सुरू झाला. त्यात सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे इथर, म्हणजे इथेरियमचे नाणे, जमा झाले. त्या वेळच्या एकूण इथरपैकी हा हिस्सा जवळपास १४ टक्के होता. त्याच्या करारात, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या संगणकीय आज्ञावलीत, एक दोष होता: पैसे दिल्याची नोंद होण्याआधीच पुन्हा पैसे मागता येत. १७ जून रोजी कोणीतरी याच वाटेने सुमारे ३६ लाख इथर एका उपनिधीत वळवले. नियमांनुसार ती रक्कम काही आठवडे तिथून हलवता येणार नव्हती, आणि वादाला तेवढीच सवड मिळाली.

एका बाजूचे म्हणणे होते की चोरी ती चोरीच, साखळीचे नियम बदलून पैसे परत करावेत. दुसरी बाजू म्हणत होती, करारात लिहिले तेच घडले. निकाल न आवडल्यामुळे खातेवही दुरुस्त करायची, तर मग बँकेत आणि इथे फरक काय? इथर धारकांच्या ऐच्छिक मतदानात बहुसंख्य मते दुरुस्तीच्या बाजूने पडली, पण मतदानात उतरलेले इथर एकूण इथरच्या तुलनेत फारच थोडे होते. २० जुलै २०१६ रोजी १९,२०,००० व्या ब्लॉकवर हार्ड फोर्क झाला आणि निधीतील पैसे परताव्याच्या करारात वळवले गेले.

विरोधक मूठभर असल्याने जुनी साखळी विझून जाईल अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. काही मायनरांनी ती चालू ठेवली, पोलोनिएक्स या एक्स्चेंजने, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराने, चारच दिवसांत तिच्या नाण्याचे व्यवहार सुरू केले, आणि ‘इथेरियम क्लासिक’ उभे राहिले. इथे गंमत अशी की नियम बदलणारी साखळी ‘इथेरियम’ राहिली आणि नियम न बदलणारीला नवे नाव घ्यावे लागले. दोन्हीकडे स्वाक्षरीची पद्धत एकच असल्याने एका साखळीवरचा व्यवहार दुसरीवरही वैध ठरायचा. क्लासिक विकायला गेलेल्यांचे इथरही त्याच हुकुमाने निघून जात. साखळीचा क्रमांक स्वाक्षरीत गुंफण्याची सोय इथेरियममध्ये त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली.

बिटकॉइन: ब्लॉक केवढा असावा

बिटकॉइनमध्ये भांडण एका मेगाबाइटचे होते. एका ब्लॉकच्या आकाराची ही मर्यादा २०१० मध्ये घातली गेली होती. वापर वाढल्यावर एका गटाला ब्लॉक मोठे हवे होते. दुसऱ्याला भीती होती की ब्लॉक वाढले तर घरच्या संगणकावर नोड चालवणे परवडणार नाही आणि तपासणी मूठभर कंपन्यांच्या हाती जाईल. हाँगकाँग आणि न्यूयॉर्क इथे समझोते झाले, पण टिकले नाहीत. १ ऑगस्ट २०१७ रोजी आठ मेगाबाइटची मर्यादा घेऊन ‘बिटकॉइन कॅश’ वेगळे झाले. ज्याच्याकडे जितके बिटकॉइन होते, त्याला तितकेच बिटकॉइन कॅश मिळाले. वेगळे होण्याची सवय मात्र जडली: १५ नोव्हेंबर २०१८ रोजी बिटकॉइन कॅशमधून ‘बिटकॉइन एसव्ही’ निघाले, आणि २०२० च्या नोव्हेंबरात आणखी एक फूट पडली.

स्टीम आणि हाइव्ह

संघस्वातंत्र्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मात्र या दोन मोठ्या नाण्यांचे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेली स्टीम ही लेखनासाठी टोकन, म्हणजे साखळीचे स्वतःचे नाणे, देणारी साखळी. तिथे मायनर नसतात; टोकन गुंतवून ठेवलेले धारक मते देतात आणि पहिल्या वीस क्रमांकांवर आलेले ‘विटनेस’ साखळी चालवतात. एका खात्याला तीस विटनेसना मत देता येई, आणि प्रत्येक मताला पूर्ण वजन मिळे. म्हणजे पुरेसा साठा असलेला एकटा माणूस वीसच्या वीस जागा भरू शकत होता. संस्थापक कंपनी स्टीमिटकडे सुरुवातीच्या दिवसांत स्वतःच मिळवलेला प्रचंड साठा होता. तो विकासासाठी आहे, त्याने आपण मतदान करणार नाही, असे कंपनी सांगत असे आणि समुदाय त्या शब्दावर चालत होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी ही कंपनी विकत घेतली. दिलेला शब्द नव्या मालकावर बंधनकारक आहे का, हे कुठेच लिहिलेले नव्हते. २३ फेब्रुवारीला विटनेसनी सॉफ्ट फोर्क करून तो साठा गोठवला. सन यांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी पैसे मोजून घेतलेली मालमत्ता काही निवडून आलेल्या लोकांनी रात्रीतून अडवली होती, आणि ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

२ मार्चला पलटवार झाला. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांनी ग्राहकांनी ठेवलेले स्टीम गुंतवून त्यांची मते नव्या विटनेसच्या पारड्यात टाकली आणि वीसही जागा एका झटक्यात बदलल्या. ज्यांचे टोकन होते, त्यांना कोणी विचारले नव्हते. गुंतवलेले स्टीम मोकळे व्हायला तेरा आठवडे लागत. म्हणजे ग्राहकांचे पैसे काढून देण्याची एक्स्चेंजची क्षमताच त्या मतदानाने अडकली. बायनान्सने नंतर हा नेहमीचा अपग्रेड वाटला असा खुलासा केला आणि मते मागे घेतली.

पुढचे दिवस मतांची ओढाताण चालली. जुन्या विटनेसना काही जागा परत मिळाल्या, पण निर्णायक बहुमत कोणाकडेच नव्हते. २० मार्च २०२० रोजी समुदायातील मोठा गट ‘हाइव्ह’ या नावाने बाहेर पडला. लेख, प्रतिक्रिया, अनुयायी, शिलका असे सगळे बरोबर गेले. गेले नाही ते एकच: स्टीमिटचा साठा. नव्या साखळीवर त्या खात्यांना टोकन मिळाले नाहीत, आणि सन यांच्या विटनेसना पाठिंबा देणाऱ्या काही खात्यांनाही वगळले गेले. कोणाबरोबर राहायचे हे ठरवण्याच्या हक्कात कोणाबरोबर राहायचे नाही हेही आले, असे हाइव्हवाल्यांचे समर्थन. ते स्टीमिटच्या साठ्यापुरते पटते. मत दिले म्हणून एखाद्या सामान्य खातेदाराची शिल्लक नक्कल करताना गाळणे हे मात्र शिक्षेच्या जवळ जाते, आणि ती शिक्षा ठरवणारे लोक स्वतःच वादातले पक्षकार होते.

उलट बाजूने याहून कठोर पाऊल उचलले. २० मे २०२० रोजी स्टीमवर झालेल्या हार्ड फोर्कने ६४ खात्यांतील सुमारे २.३६ कोटी स्टीम जप्त केले. त्यांतली अनेक खाती हाइव्हच्या समर्थकांची होती. जप्त रक्कम ज्या खात्यात गोळा होणार होती, तिथून कोणा अज्ञाताने ती लगेच बिट्रेक्स एक्स्चेंजकडे पाठवली आणि मूळ मालकांना परत करावी असे सोबत लिहिले. हाइव्हने वगळले तेव्हा जुन्या साखळीवरची मालमत्ता निदान शाबूत होती. इथे मूळ मालमत्ताच गेली. बाहेर पडणाऱ्याचे मागे उरलेले धन सुरक्षित नसेल, तर बाहेर पडण्याच्या स्वातंत्र्याला किंमत मोजावी लागते.

हाइव्हने या अनुभवावरून एक नियम केला: नव्याने गुंतवलेल्या टोकनांना विटनेसच्या मतदानात ३० दिवस वजन मिळत नाही. एक्स्चेंजने रातोरात सत्ता पालटू नये म्हणून ही सवड ठेवली आहे.

ज्याची नक्कल होत नाही

खातेवही नकलता येते, पण नाव नकलता येत नाही. महाराष्ट्रात पक्ष फुटला की नाव आणि चिन्ह कोणाचे, हे १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार निवडणूक आयोग ठरवतो. शिवसेनेच्या बाबतीत तो निर्णय फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. ब्लॉकचेनला असा आयोग नाही. इथेरियमच्या वेळी त्याच्या विकासाला आधार देणाऱ्या इथेरियम फाउंडेशनने कोणती बाजू घेतली याला वजन होते; बिटकॉइनचा तर कोणी मालकच नाही, म्हणून ‘खरे बिटकॉइन कोणते’ हा वाद वर्षानुवर्षे चालला. व्यवहारात उत्तर एक्स्चेंजांनी दिले: त्यांनी ज्या नाण्याला जुने चिन्ह लावले, ते जुने ठरले.

साखळीबाहेरच्या मालमत्तेवर आधारलेली टोकनेही अशीच. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग सोडले, तेव्हा मायनरांच्या एका गटाने जुन्या पद्धतीची साखळी ‘इथेरियम पीओडब्ल्यू’ म्हणून पुढे नेली. तिच्यावर यूएसडीसी आणि टेथर या डॉलरशी बांधलेल्या नाण्यांच्याही प्रती उमटल्या. पण बँकेतले डॉलर काही दुप्पट झाले नाहीत. दोन्ही कंपन्यांनी आपण नव्या पद्धतीच्या साखळीलाच मानतो असे आधीच जाहीर केले होते, त्यामुळे त्या प्रती निरर्थक ठरल्या.

सुरक्षिततेचेही तसेच. मायनिंगवर चालणाऱ्या साखळीचे रक्षण तिच्यामागच्या संगणकीय ताकदीने होते आणि फुटीत ती ताकद विभागली जाते. इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये ५१ टक्के हल्ले, म्हणजे निम्म्याहून जास्त संगणकीय ताकद हाती घेऊन केलेले हल्ले, झाले. हल्लेखोरांनी झालेले व्यवहार उलटवून तीच नाणी दोनदा खर्च केली.