दूध साकळलं, की आणखी काही?

एक स्तन एकाएकी जड वाटायला लागतो. हात लावला तर कढत लागतो, आत ठुसठुसतं, वरची कातडी ताणलेली आणि लालसर दिसते. ओली बाळंतीण असेल तर घरातल्या जाणत्या बाईचं निदान तयार असतं: दूध साकळलंय. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. डॉक्टर त्याला मॅस्टायटिस म्हणतात, मराठीत स्तनदाह. पण जवळजवळ याच खुणा घेऊन येणारा एक कर्करोग आहे, दाहक स्तनकर्करोग किंवा इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. तो विरळा आहे. अमेरिकेत सगळ्या स्तनकर्करोगांत त्याचं प्रमाण १ ते ५ टक्के धरतात. विरळा असल्यामुळे तो डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही, आणि अँटिबायोटिकचा एक कोर्स, मग दुसरा, मग तिसरा असं करत आठवडे निघून जातात.

यात आणखी एक पंचाईत आहे. स्तनाचा कर्करोग म्हणजे गाठ, आणि तीही न दुखणारी, हे आपल्याकडे आता बऱ्यापैकी रुजलंय. ते रुजायलाच हवं होतं. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखांवर स्त्रियांचा वीस वर्षं मागोवा घेतला. त्यात निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने नुसत्या हाताने स्तनतपासणी केली, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. तेव्हा गाठ शोधायची सवय मोडीत काढायचं कारण नाही. फक्त दाहक प्रकारात पुष्कळदा हाताला गाठ लागतच नाही, आणि दुखतही असतं. बाई चाचपून बघते, काही सापडत नाही, वर ‘दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही’ असा व्हॉट्सॲपवरचा दिलासा असतोच. ती निर्धास्त होते.

आधी साध्या स्तनदाहाचं बघू. दूध तयार होतं पण वेळच्या वेळी बाहेर पडत नाही. बाळ नीट लागत नाही, रात्रीची एखादी पाजणी चुकते, किंवा उलट पंपाने गरजेपेक्षा जास्त काढल्यामुळे स्तन आणखीच दूध बनवायला लागतो. दूधनलिकांच्या भोवती सूज येते आणि त्या सुजेनेच नलिका बाहेरून दाबल्या जातात. बोंडाला चीर पडली असेल तर स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जंतूंना वाट मिळते. हे सगळं बहुधा बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत होतं, आणि वेगाने होतं. सकाळी जरा दुखरं वाटणारा स्तन संध्याकाळी ठणकायला लागतो, सोबत हुडहुडी, सणसणून ताप, सगळं अंग मोडून आल्यासारखं. लाली बहुतेकदा स्तनाच्या एका भागात असते, बोंडाकडे निमुळती होत गेलेल्या त्रिकोणी पट्ट्यात.

उपचाराबद्दल थोडं विषयांतर करते, कारण घरोघरी यात चुकतं. शेकून, चोळून, पिळून गाठ मोडायची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि दवाखान्यांतही कालपरवापर्यंत साधारण तेच सांगत. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेने २०२२ साली आपल्या सूचना बदलल्या: जोरात चोळू नका, स्तन रिकामा करण्यासाठी जास्तीचं दूध काढत बसू नका, थंड पट्ट्या ठेवा, सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहा. चोळल्याने आतल्या बारीक वाहिन्यांना इजा होऊन सूज वाढते. दुखऱ्या बाजूचं दूध बाळाला बाधत नाही. दिवसभरात उतार पडला नाही किंवा ताप चढत राहिला, तर अँटिबायोटिक लागतं. पू धरला तर तो हल्ली शक्यतो सोनोग्राफीत बघून सुईने काढतात.

दाहक कर्करोगात यातलं काहीच घडत नसतं. जंतू नसतात, पू नसतो. कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या बारीक लसीकावाहिन्यांमध्ये, म्हणजे साचणारा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये, शिरून त्या तुंबवतात. ज्या द्रवाचा निचरा व्हायचा तो तिथेच साचतो, म्हणून स्तन फुगतो, जड होतो, तापतो. केसांच्या मुळांपाशी कातडी खाली घट्ट बांधलेली असते. बाकीची कातडी सुजून वर येते आणि त्या जागी बारीक खळगे उरतात. संत्र्याच्या सालीसारखी कातडी म्हणतात ती ही. ब्रेसियरचा वळ नेहमीपेक्षा खोल उमटतो आणि बराच वेळ जात नाही. काही जणींना सगळ्यात आधी हेच जाणवतं, किंवा एकाच बाजूचा कप अचानक घट्ट व्हायला लागतो.

मग जाणिवांवरून ओळखता येतं का? थोडंफार येतं, पण निदान करण्याइतकं नाही. स्तनदाहाचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं आणि पाजताना ते वाढतं. दाहक कर्करोगात जडपणा, तटतटणं, आतून जळजळ, कधी नुसतीच खाज, आणि ती सगळ्या स्तनभर किंवा निदान बऱ्याच मोठ्या भागात. डॉक्टरांच्या व्याख्येतही स्तनाचा किमान एक तृतीयांश भाग लाल झालेला असावा असं धरलं जातं. ताप हा त्यातल्या त्यात उपयोगी फरक आहे. स्तनदाहात तो बहुधा असतो, कर्करोगात बहुधा नसतो. एवढा लाल, एवढा सुजलेला स्तन आणि अंगात ताप नाही, हुडहुडी नाही, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, हे चित्र बघून डॉक्टरांना शंका यायला हवी. काखेची गाठ मात्र फसवते. संसर्गातही काखेत अवधान येतं आणि कर्करोगातही तिथल्या गाठी सुजतात. बोंड आत ओढलं जाणं किंवा चपटं होणं हे नव्याने घडलं असेल तर कर्करोगाकडे बोट दाखवतं. पहिल्यापासूनच बोंड आत असलेल्या बायका पुष्कळ असतात, त्यांनी घाबरू नये.

लालीबद्दल एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवी. पुस्तकांत आणि नेटवर जे फोटो दिसतात ते बहुतेक गोऱ्या कातडीचे. सावळ्या अंगावर तशी गुलाबी-लाल छटा उमटत नाही. कातडी जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळवंडल्यासारखी दिसते, मार लागल्यावर दिसते तशी. ‘कुठे काही आपटलं असेल’ असं म्हणून ती सोडून दिली जाते. दोन्ही स्तन उजेडात आरशासमोर शेजारी शेजारी बघितले, तर रंगातला फरक लवकर कळतो.

खरा निवाडा करतो तो काळ. दोन्हींचा पहिला दिवस सारखा असू शकतो, दहावा दिवस सारखा नसतो. स्तनदाहावर योग्य औषध सुरू झालं की दोन दिवसांत ताप आणि ठणका उतरणीला लागतो, आणि आठ-दहा दिवसांत स्तन जवळपास पूर्ववत होतो. दाहक कर्करोग अँटिबायोटिकला दाद देत नाही. तो आठवड्या-दोन आठवड्यांत पसरत जातो. तीन-चार महिन्यांत स्तनाचं रूपच पालटून टाकतो. मधल्या काळात वेदनाशामकाने ठणका जरा कमी होतो, लालीही एखाद दिवस फिकी वाटते, आणि तेवढ्यावर ‘औषध लागू पडतंय’ असं सगळ्यांना वाटतं. म्हणून कोर्स संपल्यावर ‘बरं वाटतंय का?’ एवढंच विचारून भागत नाही. कातडी पूर्ववत झाली का, दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. नसेल झाली, तर माझ्या मते दुसरं अँटिबायोटिक लिहून देण्याआधी सोनोग्राफीची आणि बायोप्सीची चिठ्ठी लिहिली जावी. पू धरलाय किंवा जंतू त्या औषधाला जुमानत नाही, हेही कारण असू शकतं. पण ते गृहीत धरायचं नाही, तपासून ठरवायचं.

हे झालं पाजणाऱ्या आईचं. जिचं मूल कधीच अंगावरून सुटलंय, जिची पाळी गेलीय, तिच्या बाबतीत क्रम उलटा लावावा. तिथे दूध साकळायचा प्रश्नच नाही. बोंडामागच्या नलिकांचा जुनाट दाह होतो, धूम्रपान करणाऱ्यांत जास्त. मधुमेह असेल तर गळू होतं. हे सगळं होऊ शकतं, पण एका बाजूचा स्तन लाल आणि जड झालेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईला नुसत्या गोळ्या देऊन ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणं धोक्याचं आहे. दाहक कर्करोग इतर स्तनकर्करोगांपेक्षा सरासरीने थोड्या कमी वयात येतो आणि लठ्ठपणात त्याचा धोका जास्त दिसतो, तरी वयाची पक्की रेघ नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही तो झालेला आहे. ‘पाजतेय म्हणजे कॅन्सर नाही’ ही समजूत तिथे महागात पडते.

आपल्याकडे दोन तिसरेच पाहुणेही मधे येतात. एक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस: बाळंतपणानंतर काही वर्षांनी, तरुण बायकांत, घट्ट गाठ, पुन्हा पुन्हा वाहणारी जखम, दिसायला हुबेहूब कर्करोग, पण कर्करोग नाही. दुसरा स्तनाचा क्षयरोग, भारतात अजून दिसणारा. या दोघांनाही बायोप्सीशिवाय वेगळं काढता येत नाही.

बायोप्सी म्हटलं की घरात चलबिचल होते. ‘सुई लावली की पसरतो’, ‘लोखंड लागलं की भडकतो’ हे गावात ऐकू येतं तसं पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही ऐकू येतं. सुईच्या तपासणीने कर्करोग फोफावत नाही. दाहक कर्करोगाचा संशय असेल तर जाड सुईने स्तनाच्या आतला तुकडा घेतात आणि लाल कातडीचा छोटा गोल तुकडाही, त्याला पंच बायोप्सी म्हणतात. कातडीच्या तुकड्यात काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही असं होत नाही. आतल्या तुकड्यात कर्करोग आणि बाहेर ही लक्षणं एवढं निदानाला पुरतं. मॅमोग्राफी पाजत असतानाही करता येते, पण तिच्यात या प्रकाराची गाठ पुष्कळदा दिसत नाही, फक्त कातडी जाड झालेली दिसते. त्यामुळे ‘मॅमोग्राफीत गाठ नाही’ या एका ओळीवर फाइल बंद करू नये.

घाई कशासाठी, तर हा आजार निदानाच्या क्षणीच किमान तिसऱ्या टप्प्यात मोजला जातो, आणि साधारण एक तृतीयांश स्त्रियांमध्ये तोवर तो शरीरात दूरवर पोचलेला असतो. अमेरिकेतल्या आकड्यांनुसार निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे, पसरण्याआधी सापडला तर त्याहून बरं. उपचारांचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलून चालत नाही: आधी केमोथेरपी, पेशींवर हर-२ नावाचं प्रथिन जास्त असेल तर जोडीला ट्रॅस्टुझुमॅबसारखं औषध, सूज उतरल्यावर पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. गळू समजून आधीच चीर दिली, किंवा घाईने आधी ऑपरेशन केलं, तर पुढचं सगळं अवघड होतं. स्तन राखून फक्त गाठ काढण्याचा पर्याय इथे नसतो. महाराष्ट्रात कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात, तेव्हा खर्चाच्या धास्तीने बायोप्सी लांबवायचं कारण उरत नाही.

पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होणं, हुळहुळणं, काखेपर्यंत दुखणं, आणि पाळी सुरू झाली की ओसरणं, हे या सगळ्यात येत नाही. त्या दुखण्याने जगातल्या निम्म्या बायका कधी ना कधी हैराण झालेल्या असतील. नुसतं दुखणं, बाकी काही बदल नाही, यामागे कर्करोग क्वचितच निघतो. एकच बाजू, कातडीत बदल, आणि पाळी येऊन गेली तरी न ओसरणं, असं असलं तर मात्र डॉक्टर गाठावा.

जाताना तीन तारखा लिहून न्याव्यात: पहिल्यांदा जाणवलं कधी, औषध सुरू झालं कधी, कोर्स संपला कधी. मोबाइलमध्ये एक दिवसाआड, एकाच खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो असतील तर फार कामाला येतात. लाजू नये, डॉक्टरला दाखवून पुसून टाकता येतात. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवली तर ती पुढे सरकली की मागे हटली ते दुसऱ्या दिवशी दिसतं. आणि फॅमिली डॉक्टर किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ तिसऱ्यांदा गोळ्या लिहून द्यायला लागले, तर ‘मला सर्जनकडे चिठ्ठी द्या, बायोप्सी करून घ्यायची आहे’ असं सरळ म्हणावं. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.